बिळापाशी ठेवलेला घास

वेळ अमावास्येच्या सणाला रानाला दाखवायचा नैवेद्य घेऊन धुरपदाबाई बेंबळीच्या रानात आल्या होत्या. नवरा बलभीमराव डायलिसिसच्या सुया टोचलेला हात सांभाळत कडब्याच्या कोपीत टेकले होते. लेक हर्षाली पुण्याहून आली होती. ती तिथल्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळते, हे धुरपदाबाईंच्या पचनी पडत नव्हतं. इथं उंदरांनी हरभऱ्याची पार वाट लावली होती.

"मारायचेच हायेत, तर पोसता कशाला?"

हर्षालीनं उसातली ठिबक दाखवली. "एक कॉक बंद केला की तेवढीच ओळ वाळते, बाकी रान भिजतं. तसं आम्ही मोठ्या उंदराच्या फक्त मूत्रपिंडातलं एक जनुक बंद करतो. जन्मापासनं सगळ्या अंगात बंद केलं तर पिल्लू जगतच न्हाय. मग काय बिघडतं ते बघतो. आबांचा आजार त्यातनंच उमगंल."

"कॉक परत उघडता का?"

"न्हाय आई. तो कायमचा बंद."

धुरपदाबाईंनी रानात चहूकडं अंबील शिंपडली. शेवटी त्या बांधावरच्या उंदरांच्या बिळाशी थांबल्या. दरसाल तिथं त्या मिरचीची धुरी द्यायच्या. आज त्यांनी मिसळीच्या भाज्यांची भज्जी अन् भाकरीचा घास ठेवला.

"खावा रं. आमच्या माणसापायी तुमच्यातलं कुणीतरी तिकडं गेलंय."