चादरीवरची कॉन्टेसा

दत्तूकाका गाडीचं काम सुरू करण्याआधी चपला काढून ठेवत. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा मोठा भाविक आहे. मलाही तसंच वाटलं, म्हणून पहिल्या दिवशी त्यांच्यामागून मीही चपला काढल्या आणि बॉनेटसमोर हात जोडले. काकांनी वळून पाहिलं. "बेटा, हात कशाला जोडतेस? खाली पडलेला स्क्रू माझ्या डोळ्याला दिसत नाही, तळपायाला बरोबर टोचतो."

शिंदे की छावनी या आमच्या जुन्या वस्तीत आमच्यापासून दोन घरं सोडून ते राहत. घराणं फौजेतलं, पण काकांचा जन्म सरकारी बसांच्या वर्कशॉपमध्ये गेला. माझ्या वडिलांची कॉन्टेसा, लांब नाकाची आणि रुंद खांद्यांची त्या काळातली पहिलवान गाडी, वडील गेल्यापासून नऊ वर्षं अंगणात पत्र्याखाली उभी होती. भंगारवाला ती बघून गेला त्या संध्याकाळी काका आपणहून आले. काचबिंदूने त्यांची नजर जात चालली होती. फार तर वर्षभर, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "एक गाडी आपल्या हाताने उभी करून रस्त्यावर पळताना बघायची आहे," ते म्हणाले. "दिसतंय तोवर. तुझी दे."

मी शाळेत फिजिक्स शिकवते. तेवढ्या भांडवलावर मी त्यांची मदतनीस झाले.

गाडी होती तशीच ठेवायची, असं माझं भाबडं मत होतं. काका हसले. "जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने गाडी खालून पाहिलेली नसते." मग मला खाली झोपवून त्यांनी कुजलेला तळ दाखवला. तो कापून नवा पत्रा बसवला. पुढच्या चाकांना नव्या काळचे डिस्क ब्रेक लावले आणि मगच नंतरच्या मॉडेलचं दमदार जपानी इंजिन आणायचं काढलं. मला इंजिनाची घाई होती. "ज्याला थांबता येत नाही त्याने पळू नये," असं म्हणून त्यांनी माझं तोंड बंद केलं. स्टिअरिंगवर एके ठिकाणी बाबांच्या अंगठ्याने रंग उडाला होता. ती जागा मी रंगवायला घेतली, तेव्हा मात्र त्यांनी ब्रश काढून घेतला. "हे खराब झालेलं नाही, वापरलेलं आहे. फरक ध्यानात ठेव."

त्यांची कामाची रीत न्यारी होती. आमच्या बैठकीत त्यांनी एक डबलबेडची चादर अंथरली आणि तिच्यावर कोळशाने इंजिनाचा आकार काढला. आणलेलं इंजिन वापरलेलंच होतं, ते पूर्ण खोलायचं आणि त्यातून निघालेला प्रत्येक बोल्ट चादरीवर त्याच्या त्याच्या जागी ठेवायचा. दिसायला सगळे सारखे, पण लांबी वेगळी. लांब बोल्ट उथळ भोकात आवळला तर आतला धातू तडकतो. काकांना आता धूसरच दिसे, पण चादरीवर हात फिरवून ते अचूक बोल्ट उचलत. "नजर जाईल, जागा नाही जाणार," ते म्हणत.

नवरात्रात काका दोन दिवस झाशीला मुलीकडे गेले आणि मध्येच खंडेनवमी आली. आमच्याकडे या दिवशी शस्त्रांची पूजा असते. दरवर्षी आजोबांची तलवार निघते. मला वाटलं, यंदा आपली खरी शस्त्रं तर चादरीवर आहेत. मी एकूण एक बोल्ट गोळा केला, साबणाने घासला, पितळी परातीत रचला, वर हळदकुंकू आणि झेंडू वाहिले. सुटा केलेला कार्ब्युरेटरही सोडला नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. चादर मळली होती, म्हणून तीही धुऊन टाकली.

काका परतले, खाली बसले आणि नेहमीप्रमाणे त्यांनी हात पुढे केला. हाताला नुसती फरशी लागली. परात मी त्यांच्यापुढे सरकवली तेव्हा मला कळलं की आपण काय करून बसलो आहोत.

परातीत बोटं फिरवून त्यांनी विचारलं, "कार्ब्युरेटरला पण हळद लावली?"

"हो."

"मनापासून?"

"हो काका."

"मग आता मनापासूनच काढ."

ते रागावले नाहीत. पण त्या दिवशी चहा न घेताच घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून नवा खेळ सुरू झाला. काका बोल्ट अंगठ्याने मोजून लांबी सांगत, मी भोकाची खोली सांगे. दोन्ही जुळलं की मी तो बोटांनीच फिरवून बघायचा. "बोटांनी जात नाही तो तिथला नाही. सब्र ठेव." आठवड्याचं काम महिने खात गेलं. दिवाळी गेली, थंडीचं धुकं आलं. आधी काका मला दिवा जवळ आणायला सांगत. पौषात त्यांनी दिवा मागणं बंद केलं. मीही त्याबद्दल विचारलं नाही, माझी छातीच झाली नाही.

होळीच्या आधी गाडी सुरू झाली. पहिला फेरा शहरातल्या मोठ्या चौकापर्यंत, महाराज बाड्यापर्यंत. काका शेजारी बसले होते, काचेबाहेर एक हात काढून. मी त्यांना गाडीचा गर्द निळा रंग सांगत होते, वळून बघणारे टेम्पोवाले सांगत होते. बाड्यावर गाडी थांबवली आणि मला रडू आवरेना.

"काका, मी ती परात मांडली नसती तर तुम्हाला गाडी दिसली असती."

खोटी समजूत घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "हो," ते म्हणाले, "दिसली असती." मग बाहेरचा हात आत घेत म्हणाले, "पण मग ती मी केली असती, मंजू. माझं बघणं झालं असतं आणि गाडी परत पत्र्याखाली गेली असती. आता तू केली आहेस. चल, गियर टाक. तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतो आहे, घरी जाऊन बघ."

गेल्या श्रावणात काका गेले. आज माझ्या हाताखाली गाडी कशानेही अडत नाही, आणि दर वेळी बॉनेट उघडताना त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटते. चूक माझी होती. तिच्यातून आलेलं शहाणपण त्यांनी सगळं मला दिलं, आणि नुकसान तेवढं स्वतःकडे ठेवलं.