जावेचा एक्स-रे

माझ्या मोठ्या जावेच्या दुखण्याला गोंदियाच्या डॉक्टरने संधिवात असं नाव दिलं, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? आम्ही दोघी एकाच दिवशी, एकाच गाडीने बालाघाटहून गेलो होतो. चार वर्षांपासून माझीही सकाळी मूठ वळत नाही, जिना चढताना गुडघे रडवतात. पण माझ्या तपासणीत काहीच निघालं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी तिच्या हातांचा एक्स-रे खिडकीच्या काचेला चिकटवला. शेजारणी येऊन बघायच्या, हळहळायच्या. एकदा मी माझाही बाजूला लावला. समोरच्या काकूंनी तो निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "हा तं चांगल्या माणसाचा हाय."

जावेचं कणीक मळणं सुटलं, कपडे धुणं सुटलं, आणि दोन्ही कामं माझ्या गळ्यात पडली. सासूबाई म्हणाल्या, "तुले तं काही निघालं नाही ना, बाई." मी भांडी आदळत काम करायचे. तिच्या शेकायच्या पिशवीचासुद्धा मला राग यायचा.

एका सकाळी बोटं वळेनात म्हणून मी नुसत्या तळहातांनी लाटणं ढकलत होते. जाऊ दारातून बघत होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुलेही दुखते ना?"

चार वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच.

मी लाटणं घट्ट धरायला गेले, ते हातातून निसटलं. तरी म्हटलं, "मले? मले काय झालं? माहा रिपोर्ट तं साफ हाय."