डाव्या कानाची खूण

आमच्या विरारच्या इमारतीत कुत्री-मांजरं पाळणारी पाच-सहा घरं आहेत. त्या सगळ्यांना ठाऊक आहे, की मी एका गावठी कुत्रीचा विमा काढला होता. त्यामुळे लिफ्टमध्ये गाठून लोक मला विचारतात, "काय हो, घ्यावा का विमा? पैसे खरंच मिळतात का?"

मतं तर प्रत्येकाकडे तयार असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या लॅब्रेडॉरचा क्लेम "हा आजार जन्मापासूनचा" म्हणून फेटाळला गेला. विम्याचा विषय निघाला की त्या लिफ्टचं बटण उगाच जोरात दाबतात. आमच्या समोरच्या जोडप्याचं मांजर खिडकीतून पडलं, पायात सळई घालावी लागली, आणि जवळजवळ सगळा खर्च परत मिळाला. ते दोघं भेटेल त्याला विमा घ्यायला सांगत सुटलेत. मी दोन्हीकडचं ऐकून घेते. मला विचारलंच तर सांगते, घ्या. हल्लीचे दवाखान्यांचे खर्च बघता घ्याच. फक्त घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि सगळं नीट बोलून घ्या. यावर लोक हसतात, तोवर त्यांचा मजला येतो आणि ते उतरून जातात.

ती कुत्री माझी नव्हतीच, माझ्या आईची होती. माझं माहेर सांडोरचं. केळी, अळू, थोडी फुलं, आणि मागे बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं आमचं लहानसं तळं. आई वसईतल्या होळी नावाच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. एकदा भाजी विकून परत आली ती रिकाम्या टोपलीत पिल्लू घेऊन. बाबांनी विचारलं, "हे काय आणलंस?" आई म्हणाली, "उरलं होतं. कोणी घेईना." तिला नाव असं कुणी ठेवलंच नाही. आई नुसतं "पोरी" म्हणायची, आणि तेवढ्यावर ती कुठूनही धावत यायची. लहान असताना मुंगसाच्या नादी लागून तिने डावा कान फाडून घेतला होता, टोकापासून पार मधोमध. आईने त्यात हळद भरली, शिव्या दिल्या, आणि रात्रभर पायाशी घेऊन झोपली. जखम भरली, पण चीर तशीच राहिली.

मग आई गेली. दुपारी ओटीवर बसल्या बसल्या गेली. मी तेव्हा ऑफिसात होते. पोहोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती, आणि कुत्री ओटीच्या पायरीवर आईच्या चपलांवर हनुवटी ठेवून पडली होती. आईच्या शेवटच्या वेळी तिच्यापाशी कोण होतं, तर ती. हे मला कायम लागून राहिलंय.

बाबा मुळातच कमी बोलणारे. आईच्या माघारी त्यांनी माणसांशी बोलणं जवळपास सोडूनच दिलं. मी फोन केला की "हं", "बरं", "ठेव आता". कुत्रीशी मात्र बोलायचे. दर रविवारी मी स्कूटरवरून सांडोरला जायची, तेव्हा फाटकाबाहेरच गाडी बंद करून थोडी थांबायची. आतून आवाज यायचा, "घड उतरवायचाय पोरी आज. तुझी आई असती तर म्हणाली असती, अजून दोन दिवस थांबा." तुझी आई म्हणजे माझीच आई. मला त्या कुत्रीचा हेवा वाटायचा, हे सांगायला आता लाज वाटत नाही. मी फाटक वाजवलं की आवाज बंद.

म्हणून मी विमा काढायचं ठरवलं. काळजी कुत्रीची कमी आणि बाबांची जास्त होती. ती गेली तर हा माणूस बोलणार कोणाशी? बाबा स्वतःच्या तापावरही काढा पिऊन गप्प बसणारे. तिला काही झालं तर तिलाही काढाच पाजतील, याची मला खात्री होती. दवाखान्याचा खर्च कंपनी देणार म्हटल्यावर तरी नेऊ देतील, असा माझा हिशेब.

बाबा आमच्या घरच्या बोलीत बोलतात. ती तशीच लिहिली तर निम्म्या लोकांना कळणार नाही, म्हणून सरळ करून लिहिते. ते एवढंच म्हणाले, "जनावराचा विमा नको."

कारण मला माहीत होतं. मी शाळेत होते तेव्हा आमच्याकडे चांदीपहून आणलेली म्हैस होती. तिचा विमा उतरवला होता आणि त्यासाठी तिच्या कानात नंबरचा बिल्ला ठोकला होता. एका पावसाळ्यात ती पोट फुगून मेली. विम्याचा माणूस आला आणि म्हणाला, बिल्ला लागेल, कानासकट. त्याशिवाय क्लेम होणार नाही. केळीच्या कामाचा कोयता घेऊन बाबांनी तिचा कान कापला. आई तोंडात पदर धरून गोठ्याच्या दारात उभी होती. पैसे आले. पण आईने त्या गोठ्यात पुन्हा जनावर येऊ दिलं नाही, आणि बाबांनी तो कोयता पुन्हा हातात धरला नाही. माळ्यावर अजून गंजत पडलाय.

"तो विमा वेगळा, बाबा," मी म्हटलं. "हा आजारपणाचा आहे. जिवंतपणी कामाला येणारा. कुत्रीला कुठे बिल्ला असतो?"

"मग ओळखतात कशावरून?"

मी हसण्यावारी नेलं. कंपनीला तिचे फोटो हवे होते, समोरून, बाजूने, नाकाचा जवळून. ती काही केल्या स्थिर बसेना, शेवटी बाबांनीच तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि प्रत्येक फोटोत त्यांचे मातीने काळे झालेले अंगठे आले. ओळखीची खूण विचारली होती तिथे मी लिहिलं, डाव्या कानाला मधोमध चीर. लिहिलेलं मोठ्याने वाचूनही दाखवलं, मोठ्या हुशारीने.

वर्षाच्या आतच विमा कामाला आला. गोचिडांचा ताप झाला. दोन दिवसांत ती इतकी खंगली, की उचलून रिक्षात ठेवावी लागली. वसईच्या दवाखान्यात तिला सलाईन लावली, रक्त तपासलं, ठेवून घेतलं. बाबा पिंजऱ्याजवळच्या स्टुलावर बसून राहिले. माझ्या आजारपणात हा माणूस इतका वेळ कधी बसला नव्हता, असं मी नवऱ्याला म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो. ती वाचली. घरी आल्यावर पहिली कुठे गेली तर बावखलाच्या काठावर, तिथल्या बगळ्यांवर भुंकायला.

क्लेमच्या चौकशीसाठी कंपनीने एक गृहस्थ पाठवले. बिचारे सभ्य होते. चहा घेतला, केळीची चौकशी केली. मग कुत्रीला जवळ घेऊन त्यांनी तिचा डावा कान दोन बोटांत धरला, चीर उघडून पाहिली, फोटो काढला आणि म्हणाले, "हीच ती." बाबा ओटीवरून बघत होते. त्यांच्या बशीतला चहा तसाच राहिला. थोडी काटछाट करून पैसे आले, आणि मी बाबांना ऐकवलं, "बघा, आला की नाही उपयोगी?" ते "हं" म्हणाले. मला वाटलं, म्हातारा वरमला.

पुढच्या हिवाळ्यात ती दिवसभर पाणीच पिऊ लागली. खाणं सुटलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मूत्रपिंडं संपत आलीत, सलाईन लावून थोडे दिवस वाढतील, पण आता घरीच ठेवलेली बरी. डॉक्टर चांगले होते. आमची पॉलिसी त्यांना माहीत होती. माझ्या भल्यासाठीच ते म्हणाले, "यात मृत्यूचाही क्लेम आहे. गेली की लगेच पुरू नका. फोटो लागेल, पोस्टमॉर्टेम लागेल. मला फोन करा, मी सगळं करून देतो."

मी मान हलवली. टेबलापलीकडचा माणूस काही सांगू लागला की मी मान हलवते. बँकेत हलवते, शाळेत हलवते. माझं लक्षही नव्हतं. बाहेर रिक्षा मिळेल का, ती हिसके सोसेल का, हेच डोक्यात चाललं होतं. बाबा शेजारी तिला छातीशी धरून उभे होते, आणि त्यांचा तळहात तिच्या डाव्या कानावर होता.

रिक्षात त्यांनी विचारलं, "पोटपण कापतात?"

"आता तो विषय कशाला, बाबा?" मी म्हटलं. मला रडू येत होतं, म्हणून मी विषय तोडला. त्यांना वाटलं, मी उत्तर टाळतेय.

उतरताना मी त्यांना बजावलं, की तिचं जास्त झालं तर वेळ-काळ बघू नका, मला फोन करा. आईच्या वेळी मी नव्हते. निदान आईच्या कुत्रीजवळ तरी शेवटी बसायचं होतं. मला तेवढंच हवं होतं. पण हे सगळं मनातल्या मनात. आमच्या घरात असलं कोणी बोलून दाखवत नाही.

त्या रविवारी मी डब्यात उकडलेली कलेजी घेऊन निघाले. सांडोरच्या रस्त्यावर शेजारपाजारची माणसं चर्चमध्ये मिसाला चालली होती, एका मावशींनी हात केला. फाटकाबाहेर सवयीने गाडी बंद करून मी थांबले. आतून काहीच ऐकू आलं नाही. झोपले असतील दोघं, असं स्वतःला समजावत आत गेले.

ओटीवर तिचं गोणपाट धुऊन वाळत घातलं होतं. बाबा बावखलाच्या पायरीवर बसून कुदळ धूत होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं.

"गेली," ते म्हणाले.

"कधी?"

"उजाडताना."

"कुठे ठेवलीय?"

ते उठून उभे राहिले. उठताना त्यांनी कंबर धरली. "पुरली. तुझी माणसं यायच्या आत."

मला क्षणभर कळेचना. "कोण माझी माणसं? कुठे पुरली?"

"ते नाही सांगणार."

माझा पारा चढला. मी काय काय बोलले. फोन का नाही केला, या वयात एकट्याने खड्डा खणायचा म्हणजे काय, कंबर गेली असती तर. ते ऐकून घेत होते. पुढ्यात सरकारी माणूस उभा असावा तसे ताठ उभे होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते लपवताहेत, आणि माझ्यापासूनच लपवताहेत. माझ्या बापाने पहाटे एकट्याने, कुणाला हाक न मारता, घाईघाईने ते काम उरकलं होतं, कारण त्यांना मी येण्याची भीती वाटत होती. रविवार होता ना. मी येणारच होते.

"बाबा," मी म्हटलं, "मला तिला नुसतं बघायचं होतं. आईच्या वेळी पण मी नव्हते."

ते म्हणाले, "तू डॉक्टरला हो म्हणालीस."

"मी फक्त मान हलवली."

"तेच."

मी तिथेच पायरीवर बसून रडले. आईच्या वेळी चारचौघांत रडले होते. मोकळं रडणं मात्र त्या सकाळीच झालं. बाबांनी कुदळ भिंतीला टेकवली आणि माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, "चल."

वाडीच्या कोपऱ्यात, आई जिथे दुपारची टेकायची त्या केळींच्या सावलीत, त्यांनी सुकलेली पानं पसरली होती आणि वर केळीची दोन नवी रोपं लावली होती. ताजी माती दिसली तरी कुणाला वाटावं, लागवड केलीय. शोधायला कुणी आलं असतं तर त्यावरूनच चालत गेलं असतं. मीही गेले असते.

"कान तसाच आहे," ते म्हणाले. "दोन्ही कान तसेच आहेत."

मी रोपांकडे बघत उभी राहिले. बाबा एकदा माझ्याकडे, एकदा मातीकडे बघत होते. मग त्यांनी खाली वाकून पानं बाजूला सारायला सुरुवात केली.

"उकरू का, बाय?" ते म्हणाले. "फार खोल नाही खणता आलं मला. बघायचंय ना तुला?"

उत्तराची वाट न बघता ते कंबर धरून उठले आणि कुदळ आणायला वळले. मी त्यांचा हात धरला. तळहाताला फोड आले होते. "नको बाबा, नको," म्हणत मी त्यांना तिथेच केळीखाली बसवलं आणि त्यांच्याजवळ बसले.