विष्णुपंतांचा अशोक

आनंदनगर एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर विष्णुपंतांना घरात बसवेना. खरवईतल्या नव्या सोसायटीत करायला काही नव्हतं, आणि स्वयंपाकघरात पत्नी नीलिमाताई पाऊल ठेवू देत नव्हत्या. मग त्यांनी सम्राट अशोकाला धरलं. जेवताना अशोक, भाजी आणताना अशोक. त्यांना लिफ्टमध्ये पाहिलं की शेजारी जिन्यानं जाऊ लागले.

ज्येष्ठ नागरिक मंडळात त्यांचं व्याख्यान ठरलं. घरी तालीम झाली. राजा एकच, पण शतकागणिक त्याचा चेहरा कसा बदलला, हा विषय. जुन्या बौद्ध कथांनी त्याला आधी भाऊ मारणारा चंडाशोक केला, म्हणजे पुढचा धर्माशोक अधिक उजळ दिसावा. पुराणांनी मौर्यांच्या वंशावळीत नुसतं नाव घेऊन बोळवण केली. वैयाकरणांनी तर कहरच केला: 'देवानांप्रिय' हे त्याचं बिरुद, त्याचा अर्थ मूर्ख असा लावला. मग शेकडो वर्षं विस्मरण, आणि आता त्याचं चक्र झेंड्यावर.

"म्हणजे तुम्हाला देवानांप्रिय म्हणायला हरकत नाही," नीलिमाताई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या.

व्याख्यानाला पहिल्या रांगेत भीमराव होते. त्याच कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळलेले, रोज सकाळी बरोबर फिरायला जाणारे. त्यांच्या घरी बुद्धाशेजारी अशोकाची तसबीर. विष्णुपंतांनी चंडाशोक जरा जास्तच रंगवला. हवेत तलवारसुद्धा चालवली. भीमराव मधेच उठून गेले आणि दुसऱ्या दिवसापासून फिरायला यायचे थांबले.

एकट्यानं फिरताना विष्णुपंतांचा अशोक घशातच अडकू लागला. शेवटी नीलिमाताईंनीच नारळाच्या वड्यांचा डबा देऊन त्यांना पिटाळलं.

भीमरावांनी दार उघडलं, पाणी दिलं आणि पेपरात डोकं घातलं. विष्णुपंतांनी कलिंगयुद्धाचा शिलालेख वाचून दाखवला: लाखभर माणसं मारली गेली, त्याहून जास्त देशोधडीला लागली, आणि राजाला त्याचं दुःख होतं आहे.

"भावांच्या गोष्टी लोकांनी मागाहून रचल्या असतील, हे सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "तलवारीच्या नादात राहून गेलं. पण हे त्यानं स्वतः कोरवून घेतलंय."

भीमरावांनी वड्यांचा डबा उघडला. मग म्हणाले, "चुकलो असं दगडावर लिहिणारा साहेब आपल्या कारखान्यात कधी पाहिलात?"

"नोटीस बोर्डावरसुद्धा नाही."

"आपण दोघंही साहेबच होतो, विष्णुपंत."

दोघांनाही हसू आवरेना. वड्या तिथेच संपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चामटोलीच्या रस्त्याला लागले. अशोकावर बोलत होते ते भीमराव, आणि गावाची वेस आली तरी विष्णुपंतांना तोंड उघडायला फट सापडली नव्हती.