सासूबाईंनी ठोकून पाहिलेलं कपाट

आमचे हे लाकडाच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाहीत. भाचीच्या लग्नात भर विधीत भटजींना म्हणाले, "हा चौरंग चंदनाचा नाही. पांगाऱ्याला रंग फासलाय." सीवूड्सच्या मॉलमधल्या फर्निचरच्या दुकानात आम्हाला आता कोणी 'या' म्हणत नाही. आयुष्यभर कॉलेजात लाकडाच्या चकत्या मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. निवृत्त झाले तसा मायक्रोस्कोप जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. ताटं आम्ही मांडीवर घेतो.

यंदा कार्यशाळेचं खूळ निघालं. लाकडाच्या आतल्या प्रत्येक भागाला मराठीत सगळ्यांनी एकच प्रमाण शब्द वापरायचा, एवढंच. पण एक जण 'छिद्र' म्हणतो, दुसरा 'नळी'. नियोजन समितीत तिघं: हे, यांची जुनी विद्यार्थिनी प्राध्यापक गीतांजली, आणि कोपरखैरण्याचे हिरामण पाटील. पाटलांचे केस रबाळ्याच्या एका कारखान्यात लाकूड तपासून पांढरे झालेत. बैठक दर रविवारी आमच्याकडे. कित्येक रविवार त्या एका छिद्रात गेले. पोहे मात्र सगळ्यांना एकमताने लागायचे.

शेवटी गीतांजली म्हणाली, "सर, आधी आपलीच परीक्षा घेऊ. एक अनोळखी तुकडा तिघांनी ठरलेल्या शब्दांत सांगायचा. जुळलं तर कार्यशाळा, नाहीतर हॉल रद्द."

यांच्या नमुन्यांच्या डब्यातले तुकडे तिघांना तोंडपाठ. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे आहे. माझ्या कपाटाची तळाची पट्टी नुकतीच निखळली होती.

ते कपाट म्हणजे माझं नाक आहे. बाबांनी लग्नात दिलेलं, सागवानी. बाबा पोस्टात कारकून. सासूबाईंनी मांडवातच कपाट ठोकून पाहिलं, ओठ मुडपले आणि यांना पुढे केलं, "तू शिकतोस ना हेच? सांग बघू." बाबा हात जोडून उभे. यांनी खिशातलं भिंग लावलं आणि म्हणाले, "सागवान." त्यानंतर सासूबाईंची माझ्या माहेराबद्दल बोलायची टाप नव्हती.

पट्टी कुठली ते मी सांगितलं नाही. मनात म्हटलं, बाबांचं सागवान कार्यशाळेत मिरवू दे. पण पट्टी पाहताच हे एकदम उठले. "हे नको. घरातलं लाकूड नको."

"का? घरातलं लाकूड म्हणजे काय भोपळा असतो?" मी पट्टी पाटलांच्या हातात दिली.

लाकूड कापण्याआधी उकळून मऊ करावं लागतं. ते माझ्याच कुकरमध्ये शिजलं, वरणाच्या जागी, आणि शिट्ट्यांवर लक्ष ठेवायला पाटील ओट्याशी उभे राहिले. हे खिडकीतून खाली बघत बसले. मग ब्लेडने चकत्या काढल्या, तिघांनी पाळीपाळीने डोळा लावला.

गीतांजलीने आपलं टिपण वाचलं, "छिद्रं मोठी, विरळ, सगळीकडे विखुरलेली. भोवती पंखासारख्या फिक्या पेशी."

पाटलांनी मांडीवर थाप मारली. "माजंबी तेच हाय. शब्दाला शब्द! सर, तुमचं?"

"डोळा चुरचुरतोय," हे म्हणाले.

"मिटल्या डोल्यानं सांगा ना. आंबा हाय. फळांच्या पेट्या करतात, तोच."

पेट्या! माझे कान तापले. "सागवान नाही?"

"छे हो काकू," गीतांजली हसली. "सागाला छिद्रांची वर्तुळं असतात. नुसतं भिंग लावलं तरी कळतं."

नुसतं भिंग लावलं तरी. मला मांडवातले बाबा दिसले, हात जोडलेले, आणि भरल्या घरात रडूच फुटलं. भटजींनाही न सोडणारा हा माणूस इतकी वर्षं त्याच कपाटातून स्वतःचे शर्ट काढत होता.

"अहो, त्या दिवशी तुम्ही भिंग लावून सागवान म्हणाला होतात."

हे चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "तेव्हा शब्द प्रमाण झाले नव्हते."