कान टोचणारा हात

नागावात कानाला भोक दिसलं की ते तुळशीराम सोनाराने पाडलेलं, हे धरूनच चालायचं. पोर आईच्या मांडीवर, तोंडात गुळाचा खडा, आणि त्याने भोकाड पसरायच्या आत तार आरपार. वर हळद-खोबरेलाचं बोट. त्रेसष्ट साली सोन्यावर सरकारी नियंत्रण आलं आणि त्याची शेगडी विझली. राहिलं ते कान टोचणं. तेवढ्यावर लोक त्याला अजून सोनार म्हणत.

त्याच सुमारास बंगलेवाल्या शेठनी मुंबईहून डॉबरमनचं पिल्लू आणलं. शेपूट तिथेच तोडलेली, कान मात्र लोंबते. कान कापून उभे केल्याशिवाय कुत्र्याला रुबाब नाही, असं शेठचं म्हणणं. अलिबागच्या गुरांच्या डॉक्टरांनी त्यांना वाटेला लावलं होतं. "धडधाकट जनावराला मी कात्री लावत नाही."

मग शेठ तुळशीरामाच्या ओटीवर आले. "सोनारबुवा, कानाचं काम तुमच्याखेरीज कोण करणार?"

शेगडी विझल्यापासून इतक्या मानाने कुणी बोललं नव्हतं. "आणा," तुळशीराम म्हणाला.

शेठच्या गड्यांनी पिल्लू दाबून धरलं. तुळशीरामाने सवयीने गुळाचा खडा पुढे केला. पिल्लाने तो चाटला, शेपटीचं थोटूक हलवलं. मग तुळशीरामाने पत्रा कापायची कात्री उचलली. किंकाळ्यांनी सारी आळी कुंपणाशी जमली. "बघवत न्हाय गो," म्हणत शेजारची येसूबाई शेवटपर्यंत बघत राहिली.

जखमा भरल्या, कान उभे राहिले. शेठ कुत्र्याला समुद्राच्या पुळणीवर मिरवू लागले. "काय डौल हाय!" म्हणत आळीतल्या त्याच बायका वाट देत. शेठनी देवळाला घंटा दिली, गावाने त्यांना शाल-नारळ दिला.

तुळशीरामाकडे मात्र पोरं येईनाशी झाली. त्याने कुंपणावरून विचारलं, "येसूवहिनी, नातीचे कान टोचायचे होते ना?"

"टोचलं की, रेवदंड्याला जाऊन."

"इतक्या लांब?"

"त्या हातान् नको वाटलं, भावजी."

"आणि शेठला शाल घातलीत ती?"

"शेठच्या हातात कात्री व्हती काय?"

तुळशीराम कुंपणावरून मागे फिरला.

पुढे त्याची लेक केसर बाळंतपणाला आली. मुलगी झाली. बारशाच्या सकाळी त्याने तार घासूनपुसून ठेवली, गूळ फोडला. केसर दारात येऊन उभी राहिली. "आबा, रेवदंड्याहून माणूस बोलावलाय."

"माझ्या घरात?"

"सासूबाईंचा निरोप होता." तिने मान वर केली नाही.

तो खडा मुठीत घेऊन ओटीवर बसला. आत नातीने टाहो फोडला आणि बायका हसल्या. "रडू दे! कानात बाळ्या घातल्यावर बघा कशी दिसते!"

रस्त्याने शेठचा गडी कुत्र्याला साखळीने नेत होता. तुळशीरामाने मूठ उघडून पुढे केली. गुळाचा वास येताच कुत्रा थरथरत मागे सरला, पोटावर बसला. भ्यालेलं कुत्रं कान पाडतं. याचे तसेच उभे होते. पाडायला काही उरलंच नव्हतं.