आलापात थांबणारी थाप

लग्नाच्या पंधराव्या वर्षी मी सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा, रेकॉर्ड प्लेअर फ्रिजवर ठेवला. मी, म्हणजे अंबत्तूरच्या कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची थरथर कमी करण्याचा पगार घेणारा माणूस! कॉम्प्रेसर सुरू झाला आणि सुई टुणकन उडाली. अप्पांच्या लाडक्या रेकॉर्डवर ओरखडा... माझ्या बायकोनं, सुधानं, रेकॉर्ड उचलून पदरानं पुसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही, हे आधीच सांगतो.

२००५-०६ची गोष्ट. मैलापूरचा आमचा फ्लॅट, खिडकीसमोर पुलावरून जाणारी ट्रेन. सुधा तंजावरकडच्या मराठी घरातली. अप्पांना जाऊन सहा महिने झाले होते आणि दर रविवारी सकाळी ती हीच रेकॉर्ड लावायची. अशा आणखी दोन-चार उड्या, की रेकॉर्ड संपलीच.

मी कंबर कसली. अप्पांचं जुनं टेबल, त्यावर स्कूटरची अर्धवट फुगवलेली ट्यूब, त्यावर कडाप्प्याची फरशी, त्यावर प्लेअर. ट्रेन गेली – सुई ढिम्म! मी कॉलर ताठ केली.

आलाप संपला, कृती – कर्नाटक संगीतातली तालबद्ध रचना – सुरू झाली आणि स्पीकरमधून... थप. थप. थप.

फ्रिज बंद केला, पाण्याचा पंप बंद केला. थाप चालूच. दुसरी रेकॉर्ड लावली – थाप नाही. हीच रेकॉर्ड मित्राकडे वाजवली – स्वच्छ! शेवटी कारखान्यातलं मोजणीयंत्र आणून टेबलाला चिकटवलं. यंत्र म्हणतं, टेबल हलतच नाही.

"घाबरलात?" सुधानं विचारलं.

"मी? अगं, थरथर आहे ती. कुठून तरी येतच असणार."

"मग आलापात का येत नाही?"

खरंच की. आलापाला ताल नसतो, तेवढा वेळ थाप गप्प. कृती सुरू झाली की अचूक तालात... म्हणजे, अगदी अचूक नाही. एका ओळीचा पहिला शब्द समेनंतर अर्ध्या मात्रेनं येतो. थाप मात्र समेवर न पडता शब्दाबरोबर पडायची, दर वेळी.

सुधाचे डोळे भरले, पण ती हसत होती. "अप्पा याच टेबलावर ताल धरायचे. आणि तिथंच चुकायचे."

थापेचं कारण मी आजही शोधतोय. हार मानणार नाही, ते शोधीनच, असं मी तिला तेव्हा ठणकावलं होतं.

"शोधा की," ती म्हणाली. "पण टेबल हलवायचं नाही. आणि एवढे हुशार आहात, तर अप्पांना तेवढं सांगा – तिथं शब्दासाठी थांबू नका."